मंगळवारचा डबा

श्रेणिक मगदूम जैनाच्या घरचा, त्यामुळे आयुष्यात त्याने मुंगीसुद्धा मारली नाही. कागदावर मात्र त्याने इतके मुडदे पाडले की त्यांची मोजदाद त्याला स्वतःलाही नव्हती. त्याच्या एका कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात रंकाळ्यात बुडवलेला सावकार सातव्या प्रकरणात खुशाल चहा पीत बसलेला सापडला. तेव्हा गंगावेशीतल्या इलाही सायकलवाल्याने त्याला भर रस्त्यात अडवून जाब विचारला. श्रेणिक म्हणाला, तो त्याचा जुळा भाऊ. इलाही म्हणाला, मग तसं लिवायचं की. श्रेणिकने पुढच्या पुस्तकात खरोखरच एक जुळा भाऊ घातला, पण तो भलत्याच माणसाचा.

बाहत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत श्रेणिकचं भाड्याने पुस्तकं द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो तिथेच बसून रहस्यकथा लिहायचा आणि गणपतराव छापखानेवाले त्या छापून विकायचे. बुद्धी काही अचाट नव्हती आणि तसा त्याचा दावाही नव्हता. त्याची युक्ती एकच. खुर्चीतून समोर जे दिसेल ते उचलायचं आणि त्याच्या अंगावर काळा झगा चढवायचा. पिंपळावर घारी बसल्या की कादंबरीत निरोप्या घारी यायच्या. धोंडुबाई भाजीवालीने पाटीत लिंबांखाली काही झाकून ठेवलं की पुस्तकातली एक म्हातारी लिंबांखालून पिस्तुलं विकायची. प्रकरण संपताना दारावर थाप पडली पाहिजे आणि ज्याचा संशय कुणालाच येणार नाही तोच शेवटी चोर निघाला पाहिजे. एवढं सांभाळलं की लोक पान उलटतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाकी भोकं राहिली तर राहिली.

त्याच्या खुर्चीसमोर नेमाण्णांचं भांड्यांचं दुकान होतं. नाव नेमिनाथ चौगुले, पण उभी पेठ त्यांना नेमाण्णाच म्हणायची. पन्नाशी उलटलेला, मापात खोट नसलेला, आवाज न चढवणारा माणूस. त्यांची मुलगी विजयमाला श्रेणिककडून पुस्तकं न्यायची आणि परत करताना खुनी कोण ते मोठ्याने सांगून बाकीच्यांची मजा घालवायची. श्रेणिकला स्वतःचं मूल नव्हतं आणि ह्या पोरीवर त्याचा फार जीव होता. तिचं कागलच्या एका घरात जमलं तेव्हा सुपारी फोडायच्या बैठकीला नेमाण्णांनी त्याला हाताला धरून नेलं. लग्न मार्गशीर्षात करायचं ठरलं.

दर मंगळवारी दुपारी नेमाण्णा दुकानाच्या फळ्या लावायचे, तीन पुडांचा पितळी डबा उचलायचे, श्रेणिककडून दोन कादंबऱ्या पिशवीत टाकायचे आणि दक्षिणेच्या अंगाने चालू लागायचे. ते स्वतः कादंबरी वाचत नाहीत हे श्रेणिकला माहीत होतं. तरी पानोपानी दाराआड कान लावणारी माणसं रंगवणाऱ्या ह्या गृहस्थाला, आण्णा, ही पुस्तकं कुणाला नेताय, एवढं विचारायचं कधी सुचलं नाही. विचारण्यापेक्षा कल्पना करणं त्याला सोपं जायचं. माझा त्याच्यावर राग आहे तो एवढ्याचसाठी.

त्या उन्हाळ्यात त्याने 'आठव्या अंगठीचा धनी' लिहायला घेतली. कोल्हापुरात एक गुप्त मंडळ असतं. आठ माणसं, आठ काळ्या अंगठ्या, पन्हाळ्याच्या पोटातल्या भुयारात बैठका. आठवा कोण हे खुद्द मंडळालाही माहीत नसतं. मग त्याला बैठकीचा निरोप धाडतो कोण, हे इलाहीने पुढे विचारलंच, पण ते असो. आठव्याची खूण एकच होती. पेठेतला एक सज्जन दुकानदार मंगळवारी दुपारी दुकानाच्या फळ्या लावतो आणि पितळी डबा घेऊन शहराबाहेर जातो. शेवटच्या प्रकरणात डिटेक्टिव्ह त्याच्या मनगटावर झडप घालतो आणि अंगठी लखकन चमकते.

डब्यात काय होतं आणि तो जायचा कुठे, हे मात्र पुस्तकात नव्हतंच. गणपतरावांकडे कागद सोळा पानांच्या फॉर्माने लागायचा आणि कादंबरी सात फॉर्मांत बसलीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. एक पान जरी वर गेलं तरी अख्ख्या फॉर्माचा कागद वाया. श्रेणिकने सुचेल सुचेल म्हणून ती गोष्ट पुढे ढकलत नेली, आणि सुचायच्या आधीच सातवा फॉर्म भरला. गणपतराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच. दुसऱ्या भागात सांगू. लोकांस्नी चघळायला काय तरी पायजे की."

लोकांनी चघळलं, आणि असं चघळलं की श्रेणिक हुरळून गेला. तालमीत, हॉटेलात, नळावर एकच चर्चा, डब्यात काय? आतापर्यंत त्याला 'पुस्तकवाला' म्हणणारे लोक 'लेखक' म्हणू लागले. आणि पेठेतल्या माणसांना डबा कुणाचा हे ओळखायला डिटेक्टिव्ह लागत नव्हता. आण्णा, अंगठी कुठं ठेवलीसा, म्हणून थट्टा सुरू झाली. नेमाण्णा आधी हसले. मग डबा पोत्यात घालून नेऊ लागले, मग मागच्या बोळाने जाऊ लागले. कादंबरीतला दुकानदारही शेवटी शेवटी असंच करतो. लोकांना आणखी काय पाहिजे होतं?

गणपती बोळवल्यावर एका सकाळी नेमाण्णा रस्ता ओलांडून आले आणि श्रेणिकसमोरच्या बाकावर टेकले.

"श्रेणिक, त्या डब्यात काय हुतं ते लिवून टाक बाबा."

श्रेणिक म्हणाला, ती सगळी गंमत आहे, आण्णांनी मनावर घेऊ नये.

"तुला गंमत. कागलचं पावणं परवा मला इचारून गेलं, मंगळवारी कुठं जातायसा म्हणून." नेमाण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "काय बी लिव. डब्यात अफू हुती म्हण. मला चोर कर, दरोडेखोर कर. पर लोकांचं इचारणं तेवढं बंद कर."

चारचौघांत मान असलेला माणूस अफूचोर व्हायला राजी होतो, तेव्हा त्याच्या पोटात त्याहून मोठं काही दडलेलं असतं. हे शेंबड्या पोराला कळलं असतं. श्रेणिकला एवढंच ऐकू आलं की आणखी एक वाचक दुसऱ्या भागासाठी खोळंबलाय. दिवाळीच्या आत लिहितो, असा त्याने शब्द दिला आणि लिहायला बसलाही. पण जे सुचेल ते त्याला हलकं वाटे. अख्खं शहर वाट बघतंय म्हटल्यावर उत्तर कसं पाहिजे, वाचणाऱ्याने कपाळावर हात मारून घेतला पाहिजे. अफू नको, ती जुनी झाली. नकाशा नको. त्याने लिहिलं आणि फाडलं, पुन्हा लिहिलं आणि पुन्हा फाडलं. समोर नेमाण्णा दर मंगळवारी फळ्या लावताना त्याच्याकडे बघायचे आणि हा हाताने 'झालंच' अशी खूण करायचा.

दिवाळी गेली. त्यानंतरच्या एका मंगळवारी तालमीतले दोघे गडी इलाहीकडून सायकली भाड्याने घेऊन नेमाण्णांच्या मागे गेले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, त्यांना पुस्तकाचा शेवट पाहिजे होता. नेमाण्णा गावाबाहेरच्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात शिरले. व्हरांड्यात एक बाई बसली होती. तिच्या हाताला बोटं नव्हती आणि नेमाण्णा तिला भाकरीचा घास भरवत होते. तिच्या मांडीवर श्रेणिकच्या दुकानाचा शिक्का असलेली कादंबरी उघडी होती.

ती त्रिशला, नेमाण्णांची धाकटी बहीण. तिला बेळगावाकडे दिली होती आणि ती पहिल्या बाळंतपणात गेली, असं चौगुल्यांच्या घराने सगळ्यांना सांगितलेलं. खरं तर रोग दिसताच सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं आणि माहेराने इस्पितळात. तो रोग बरा होऊन किती तरी वर्षं लोटली होती, बोटं तेवढी परत आली नव्हती आणि घराचं दारही उघडलं नव्हतं.

दिवेलागणीच्या आत पेठेला कळलं, दुसऱ्या दिवशी कागलला. कागलकरांनी निरोप धाडला की आमच्या घरात पोरंबाळं आहेत, आम्हाला क्षमा करा. घराण्यात रोग आहे, ह्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पुस्तकं तिकडे जायची तशी परतही यायची. आता ह्या रोगाचा आणि पुस्तकाचा काडीचा संबंध नाही, डॉक्टर सांगून थकले, पण ऐकतो कोण. पेठेतल्या चिमणाबाईने दोन कादंबऱ्या चुलीच्या चिमट्यात धरून आणल्या आणि श्रेणिकच्या पायरीवर टाकल्या. बाकीच्यांनी परत करायचीही तसदी घेतली नाही, परड्यात नेऊन जाळल्या. दुकान बसलं. पण श्रेणिकला ते लागलं नाही. विजयमाला आली, शेवटचं पुस्तक फळीवर ठेवलं आणि खुनी कोण ते न सांगता गेली, ते लागलं.

मग त्याने दुसरा भाग लिहिला. आता सुचण्याची वाट बघितली नाही, जेवायलाही घरी गेला नाही. दुकानदार हा खरं तर सरकारचा गुप्तहेर निघतो. डब्यात मंडळाची पकडलेली कागदपत्रं असतात आणि पाळत ठेवणाऱ्यांना चकवण्यासाठी तो इस्पितळात शिरून मागच्या दाराने बाहेर पडतो. तिथल्या कुणाशी त्याचं नातं नसतं. एकही धागा सुटा ठेवला नाही. गणपतरावांनी आपला दंडक बाजूला ठेवून एक फॉर्म जास्त लावला. श्रेणिकला वाटत होतं, पहिलं पुस्तक लोकांनी एवढं खरं धरलं तर हेही धरतील, आणि कागलला हे पोचेल.

पुस्तक कुणी विकत घेतलं नाही, म्हणून त्याने फुकट वाटलं. इलाहीने दोनदा वाचलं आणि आणून दिलं.

"ह्यात चूक काय सापडंना, मालक. सगळं जिथल्या तिथं हाय. म्हणूनच खोटं वाटतंय."

पहिल्या पुस्तकातलं भोक लोकांनी आपल्या हाताने बुजवलं होतं. आता त्यावर श्रेणिकने कितीही चांगलं उत्तर आणून ठेवलं तरी आपलं टाकून ते कोण घेणार? त्या रात्री तो बायकोसमोर रडला.

नेमाण्णांनी अंथरूण धरलं. त्यांच्या भावांनी तर बजावलंच होतं, आता तिकडे पाऊल टाकायचं नाही. मार्गशीर्षात, ज्या दिवसांत लग्न व्हायचं होतं ते उलटून गेल्यावर, एका मंगळवारी दुपारी विजयमालाने रस्ता ओलांडला आणि पितळी डबा श्रेणिकच्या टेबलावर ठेवला.

"आण्णांस्नी उठवत न्हाय. तुमी जावा," ती म्हणाली. "आणि आत्याला ह्यातलं काय बी सांगू नका."

त्याने उरलेल्या पुस्तकांतली दोन चांगली निवडली आणि निघाला. वाटेत त्याने ऐकणाऱ्याला शंका येणार नाही अशी गोष्ट तयार केली. आयुष्यात एवढी काळजी त्याने कुठल्याच कादंबरीची घेतली नव्हती.

त्रिशलाक्का व्हरांड्यातच होती. चष्मा दोरीने बांधलेला, केस पिकलेले. मनगटाने पान दाबून ती वाचत होती. त्याने नाव सांगताच तिचा चेहरा खुलला. आण्णा तुमच्याबद्दल नेहमी सांगतो, म्हणाली. तिने पहिल्यांदा विजयमालाचं विचारलं. श्रेणिकने लग्न सांगितलं. मांडव, अक्षता, कागलच्या पाहुण्यांची वरात, नवरीचा हिरवा शालू, पाठवणीला नेमाण्णांचा भरून आलेला गळा. नेमाण्णांना दगदगीने ताप आलाय, उतरला की येतील. काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. त्रिशलाक्का डोळे पुसत ऐकत राहिली.

"डबा उघडा बघू," ती म्हणाली.

त्याने डब्याचं एकेक पूड काढून मांडलं. भाकरी, घेवड्याची भाजी, दही. त्रिशलाक्का तिन्ही पुडांकडे बघत राहिली. श्रेणिकला कळेना ती काय शोधतेय, आणि मग कळलं. त्याच्या गोष्टीत घरात लग्न होऊन गेलं होतं आणि डब्यात लाडू नव्हता.

"मोडलं व्हय?" तिने हळू विचारलं. त्याने दह्याचं पूड उगाच सरळ केलं. "माझ्यामुळं मोडलं."

"न्हाय आक्का. माझ्यामुळं. माझ्या पुस्तकामुळं मोडलं."

त्रिशलाक्काने नाही म्हणून मान हलवली. त्याच्या गुडघ्यावर तिने आपला बिनबोटांचा हात ठेवला.

"उगं माझं मन राखू नगासा. ते पुस्तक मी वाचलंय. आण्णा हाय त्यो, मी वळखलं. त्यो मंगळवारी कुठं जातोय ते तुमास्नी ठावं हुतं, तरी तुमी लिवलं न्हाईसा. शेवटपतोर झाकून ठेवलंसा. दुसऱ्या कुणी ठेवलं असतं का?"

ते मला माहीतच नव्हतं, हे त्याच्या ओठांवर आलं. पण तिच्याकडे बघून त्याला ते बोलवेना. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तिच्या तोंडाशी नेला. घास घेऊन ती सावकाश चावत राहिली आणि तो दुसरा तुकडा मोडू लागला.