साडूंचा अडलेला लेख

चहा यायच्या आधी यजमानाकडे दवाखान्याचे कागद मागणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात एकच, आणि ते नेमके माझे थोरले साडू आहेत. धंद्यानं शोधपत्रकार. जगाचं आरोग्य आणि गरीब-श्रीमंतांतली दरी हा त्यांचा विषय. लेख परदेशात छापून येतात, त्यामुळे सासुरवाडीत ते एकानंही वाचलेले नाहीत. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा येईपर्यंत ते शेजारच्याची शुगर, त्यावरची गोळी आणि ती गोळी कुठं मिळत नाही, हे सगळं काढून घेतात. अंबाजोगाईला सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा आम्ही सगळे खाटेभोवती आणि हे बाहेर झाडलोट करणाऱ्या मावशींची मुलाखत घेत बसलेले. शुद्धीवर आल्यावर सासऱ्यांना ते कळलं. म्हणाले, "घेऊ द्या. हितलं तिलाच जास्त म्हाईत असंल."

त्यांची खरी खोड वेगळीच. लेख ज्याच्याबद्दल आहे, त्याला तो आधी मराठीत वाचून दाखवायचा. त्यानं नको म्हटलं की लेख पेटीत. मी हसलो की म्हणायचे, "दुखणं त्यांचं हाय, साडू. माझं निस्तं अक्षर."

दिंद्रुडकडच्या एका ऊसतोड करणाऱ्या बाईवर त्यांनी सहा महिने खपून लिहिलं. पोटात दुखतंय म्हणून ती एका खाजगी डॉक्टरकडे गेली, त्यानं कॅन्सरची भीती घातली आणि ऐन तरुणपणी तिची गर्भपिशवी काढून टाकली. वाचन चाललं होतं तेव्हा मी गाडीवाला म्हणून शेजारी होतो. ऐकून ती म्हणाली, "समदं खरं हाय. पण लेकीची सोयरीक जमलीय. मुलाकडच्यांला कळलं तर मोडंल. तेवढं लगीन होऊ द्या."

नाव बदलून छापू, असं परदेशातले संपादक म्हणाले. "गाव वळखतं," ती म्हणाली. संपादकांना थांबायला सवड नव्हती. साडूंनी लेख मागे घेतला आणि मी त्यांना तोंडावर वेडे म्हणालो.

उन्हाळ्यात लग्न झालं, तशी बाई एसटीनं बीडला आली. "आता छापा. नावासकट."

"आता तिकडं कुणी घेत न्हाई," साडू म्हणाले.

"मग हितं छापा. तिकडच्यांच्या पिशव्या थोड्याच काढल्यात?"

बीडच्याच एका लहान पेपरात, आतल्या पानावर, तो लेख आला. चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन. मी समोरच होतो. विहीणबाईंनी लेख वाचला म्हणाली. साडूंचा चेहरा उतरला.

"चिडल्या का?"

"न्हाई. तुमाला बोलवलंय. त्यांचीबी काढलेली हाय."

साडूंनी वही ओढून गावाचा पत्ता लिहून घेतला. मग "उद्या येतो" एवढंच म्हणाले. त्यांना वेडं म्हटल्याची मला त्या दुपारी फार लाज वाटली.