पुसलेल्या फळ्याचा वास

लेकीचं लग्न ठरलं आणि साठीत पोहोचलेली मी वाइन प्यायला शिकू लागले. होणाऱ्या विहीणबाई मूळच्या दक्षिण इंग्लंडच्या, आता न्यू जर्सीत स्थायिक. इंग्लंडकडच्या वाइनचा त्यांना माहेराइतका अभिमान. एडिसनजवळच्या एका दुकानात त्या वाइन चाखण्याचा कार्यक्रम होता. त्यांनी आम्हा मायलेकींना अगत्याने बोलावलं.

गाडीत लेक म्हणाली, "आई, प्लीज, मागच्या वेळेसारखं नुसतं हसत बसू नकोस. त्यांना वाटतं, तुला त्या आवडत नाहीत."

"अगं, पण मी बोलू काय?"

"काहीही! अख्खा जन्म वर्गात बोललीस ना? तसंच बोल."

टेबलावर पेल्यांशेजारी एक छोटी बादली होती. घोट तोंडात घोळवून तिच्यात थुंकायचा, हे मी वाचून गेले होते. पण जिच्याशी सोयरीक जुळायची, तिच्या देखत थुंकणं मला जमेना. पानात काही टाकायचं नाही, हे बालपणापासून अंगात इतकं मुरलेलं, की पेल्यात उरवणंही साधेना. विहीणबाई नाजूकपणे थुंकत होत्या. मी एकेक पेला निमूटपणे संपवत होते.

"ही फेसाळती आमच्या टेकड्यांवरची," शेवटचा पेला माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या. "तिथली जमीन खडूची आहे. तुम्हाला काय जाणवतं?"

मी पेला नाकाशी नेला. आधी रायआवळ्याचा आंबटपणा, आणि त्यामागून, अगदी निःसंशय, ओल्या फडक्याने नुकत्याच पुसलेल्या फळ्याचा वास. तोवरच्या एकाही पेल्यातलं मला काही उमगलं नव्हतं. हे मात्र माझ्या ओळखीचं होतं. इंग्रजी वाक्यही मनात जुळलं. पण रिकाम्या केलेल्या पेल्यांनी जीभ जड झाली होती. शब्द अडखळला तर ही बाई मला काय समजेल, या धास्तीने ओठ उघडेनात. त्या वाट पाहत होत्या.

मी हसले.

"आईला आवडली," लेक घाईने म्हणाली आणि दुसरीकडे पाहू लागली.

"खरंच?" विहीणबाईंनी मलाच विचारलं.

मी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा उत्साह हळूच मावळला. "काही हरकत नाही," असं म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवला.

मी तोही संपवला.