बाहेर पडा, काका

आमच्या ऑफिसात आता फक्त सर्व्हर बसतो. खोक्यांच्या कारखान्याचं ऑफिस ते केवढं असणार! त्यातल्याही दोन खोल्या मालकांनी सोडून दिल्या, उरलेल्या खोलीत टेबलाखाली तो काळा डबा ठेवला आणि आम्हाला घरी धाडलं. बिलं, माल, पगार, सगळं त्या डब्यात. आम्ही आपापल्या घरून त्यात शिरायचं आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या.

गोम एवढीच, की बाहेरून एका वेळी दोघांनाच आत शिरता यायचं. तिसरा आला की पडद्यावर कोरडं उत्तर यायचं, जागा नाही. खाली आत बसलेल्यांची नावं. मग त्यातल्या एकाला फोन लावायचा.

मी गोदामाचा साठा बघते, त्यामुळे मला सारखं आत-बाहेर करावं लागतं. आणि आत नेमके हिशेबनीस काका ठाण मांडून असायचे.

"काका, बाहेर पडा हो, मला आत यायचंय."

"अगं, मी केव्हाच बाहेर आलोय. भांडी घासतोय."

"नुसती खिडकी बंद केली की बाहेर पडत नाही माणूस. लॉग-आउट करा."

"अरेच्चा, राहिलंच की! करतो हं. जेवलीस का?"

मग भाजी खाली का लागते, मीठ आधी घालायचं की नंतर, अशी चौकशी. काकू गेल्यापासून काका स्वतः रांधायला लागले होते. मुलगा लांब देशात. वडिलांच्या निरोपाला उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवतो. कॉम्प्युटर जोडून द्यायला मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. जेवायचं टेबल, दोन खुर्च्या. एकीच्या पाठीवर काकूंची शाल तशीच. कॉम्प्युटर कुठे ठेवू विचारलं, तर म्हणाले, "इथे ठेव. म्हणजे समोरची खुर्ची दिसणार नाही."

मला वाईट वाटलं. पण कामाच्या घाईत वाईट तरी किती वेळ वाटणार?

बाकीचे मात्र वैतागले होते. गाड्या भरून घेणारा गडी तर समोर कोण आहे ते न बघता बोलतो. तो म्हणाला, "दशांशाला आता घरी बसवा." मी म्हटलं, "घरीच तर बसलेत." दशांश हे काकांचं पाठीमागचं नाव. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर पूर्वी ते ऑफिस बंद होऊ द्यायचे नाहीत. असा माणूस रोज लॉग-आउट विसरतो? पाणी कुठे मुरतंय ते माझ्या लक्षात आलं होतं. मी आपली फोन लावत राहिले.

शेवटी मालकांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. आत जाण्याच्या जागा वाढल्या, आणि काम न करता कुणी आत राहिलंच तर सर्व्हर त्याला आपोआप बाहेर काढू लागला. मालकांनी सगळ्यांना निरोप टाकला, "आता कुणी कुणाला फोन करायची गरज नाही!" सर्वांत आधी काकांचं 'फार छान झालं' आलं.

काम खरंच सुरळीत झालं. सुरळीत म्हणजे इतकं, की दिवसच्या दिवस मला कुणाचा आवाज ऐकू यायचा नाही. काकांना फोन करावा असं मनात यायचं. पण काय सांगून करणार? सकाळी बसायचं, संध्याकाळी उठायचं. मधे पंख्याची घरघर.

परवा दुपारी त्यांचाच फोन आला.

"अगं, मला आत जाताच येत नाहीये. गर्दी झालेली दिसते. तू जरा बाहेर पडतेस का?"

आत कोण कोण आहे ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं, तिथे मी पाहिलं. आत दोघंच होतो. माझं नाव, आणि त्याच्याखाली काकांचं. नावापुढच्या वेळेप्रमाणे ते तासभर आत काम करत होते.

खोटं बोलायची या माणसाला सवय नाही, हे त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं.

"हो काका," मी म्हटलं, "फारच गर्दी आहे. थांबा, पडते बाहेर." आणि खरंच लॉग-आउट केलं, म्हणजे त्यांना माझं नाव गेलेलं दिसावं.

"जेवलात का?" मी विचारलं.

ते म्हणाले, "नाही गं. एकट्याला जात नाही."