गाणारी उजवीकडे सरकली

"ही बाई हलली," फूंग म्हणाला.

डेस्मंडनं मान वर केली. दुकानाच्या त्या आतल्या खोलीत बाई कुठली? खुर्चीत डोळे मिटून बसलेला फूंग, समोर छातीएवढे उंच दोन स्पीकर, मधल्या फळीवर तीन डबे आणि खाली गार झालेली काळी कॉफी. पण डेस्मंड लिऊ स्पीकर विकायच्या या धंद्यात मुरलेला. बाई म्हणजे गाण्यातली, हे त्याला लगेच कळलं.

"कुठं हलली, सिफू?"

"उजवीकडे. मधोमध उभी राहायला पाहिजे ती, त्या कॅलेंडरच्या खाली. आणि बघ कुठं जाऊन उभी राहिलीय! उजव्या स्पीकरला खेटून, बसची वाट बघत असल्यासारखी."

"मला मधेच दिसते."

"तुला गाडी मागे घेतानासुद्धा सगळं मधेच दिसायचं. दोन कुंड्या गेल्या माझ्या."

डेस्मंड हसला. मलेशियातल्या त्या पेटालिंग जाया शहरात अर्ध्या लोकांना गाडी शिकवली होती फूंगनं, त्यात हाही एक. म्हणून तो अजून 'सिफू', म्हणजे गुरुजी. फूंग मात्र हसला नाही.

फूंग वाई क्योंग निवृत्त झाला तेव्हा त्याच्याकडे एक जुनी गाडी, भिंतभर सीडी आणि दोन कान होते. कान त्याचे नावाजलेले. तिथल्या चिनी लोकांच्या कँटोनीज बोलीत संगीताच्या यंत्रांपायी खुळावलेल्या माणसांना 'ताप चढलेले मित्र' म्हणतात, आणि फूंगच्या रविवारच्या टोळक्यात ताप सगळ्यांनाच होता. पण नवा स्पीकर घ्यायचा झाला की सगळे फूंगला पुढे बसवायचे. "सोनकान्या, तू सांग," म्हणायचे. तो डोळे मिटायचा, गाणं संपेपर्यंत हलायचा नाही आणि मग एका शब्दात निकाल द्यायचा. त्यावर कुणी वाद घातलेला कुणाला आठवत नाही.

त्याची बायको स्यू यिन तेवढी म्हणायची, "उतरला का रे ताप, म्हाताऱ्या? उतरला असेल तर कोथिंबीर घेऊन ये."

त्याचा सीडी प्लेयर कायमचा बंद पडला आणि त्याचे सुटे भागही मिळेनात, तेव्हा स्ट्रीमर घ्यायचं ठरलं. इंटरनेटवरचं आणि घरातल्या डिस्कवरचं गाणं आणून वाजवणारा डबा. दिवसा हॉलमध्ये स्पीकरवर वाजला पाहिजे आणि संध्याकाळी स्यू यिनची मालिका लागली की हेडफोनवर. दोन्हीकडे तितकाच चांगला. एवढीच अट. डेस्मंडनं तीन काढून ठेवले होते. एक चंदेरी, वजनाला भात शिजवायच्या मोठ्या भांड्याएवढा, त्यावर पडदा नाही की बटण नाही, फक्त एक बारीक दिवा. एक काळा, हेडफोनसाठी नाव काढलेला. आणि तिसरा पांढरा. त्यात सगळंच होतं. फोनवरून आवाज जाड-बारीक करा, डावी बाजू वाढवा, उजवी कमी करा.

पांढऱ्याकडे फूंगनं पाहिलंही नव्हतं. "डावी-उजवी सरकवायची कळ? ज्याला आपली खुर्ची नीट मांडता येत नाही त्याच्यासाठी आहे ती. गाणं जसं आलं तसं ऐकायचं. त्यात बोट घालायचं नाही."

हे बोलून झालं आणि मग चंदेरीवर बाई हलली. काळ्यावरही हलली.

"डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल कर," फूंग म्हणाला.

डेस्मंडनं केली. बाई तिथंच.

"वीज खराब आहे तुमच्या इमारतीची. मी काळा घरी नेऊन ऐकतो."

"न्या की सिफू. आठवडाभर ठेवा."

जिना उतरताना फूंगनं कठडा धरला. असा तो कधी धरत नसे.

खरं तर हे दुकानात सुरू झालंच नव्हतं. त्याआधी एका सकाळी त्याला शिट्टी ऐकू आली होती. बारीक, लांबलचक, चुलीवर किटली ठेवून कुणी विसरावं तशी. तो उठून स्वयंपाकघरात गेला. शेगडी बंद होती. शेजाऱ्यांची असेल म्हणून खिडकी लावली. शिट्टी चालूच. मग त्यानं डाव्या कानावर तळहात दाबला, आणि शिट्टी मोठी झाली.

त्यानं हात काढला, न्हाताना पाणी गेलं असेल असं स्वतःला सांगितलं आणि नळ सोडून भांडी घासत बसला. स्यू यिन आली ती दारातच थबकली. "आज सूर्य कुठून उगवला?"

तो हसला. सांगितलं नाही. सांगितलं की खरं होतं.

त्याचा थोरला भाऊ बहिरा झाला होता. एकदम नाही, हळूहळू. आधी जेवताना सगळे त्याच्याशी ओरडून बोलायचे: "दादा, मासा घे! मासा!" मग पोरं ओरडायला कंटाळली. मग मोठी माणसंही. शेवटी शेवटी नववर्षाच्या जेवणाला एवढ्या मोठ्या गोल टेबलाशी तो सगळ्यांच्या तोंडांकडे बघत बसायचा, आणि सगळे हसले की थोडा उशिरा हसायचा. फूंगला बाकी काही आठवायचं नाही. ते उशिराचं हसू मात्र आठवायचं.

घरी आल्यावर त्यानं काळ्या डब्याला नुसतं छळलं. तारा बदलल्या. डबा भिंतीपासून लांब ओढला, फ्रिज दुसऱ्या बोर्डावर लावला, पंखा बंद केला. सोफ्याची उशी काढून उजव्या भिंतीला टेकवली, कारण आवाज तिकडून जास्त परत येत असावा. स्यू यिन घाम पुसत दारात उभी राहिली.

"पंखा का बंद? आणि माझी उशी भिंतीला का चिकटवलीस?"

"बाई हललीय."

"तुझं डोकं हललंय! भात खायला ये. तीन हाका मारल्या."

"मारल्यास?"

तिनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

संध्याकाळी हेडफोन लावले. खोली नाही, भिंत नाही, उशी नाही. आता तरी ती मधे येईल. बाई गायला लागली, अगदी उजव्या कानाला तोंड लावून, आणि डावीकडे शिट्टी. फूंगनं हेडफोन काढून ठेवले. हेडफोन उलटे घालून बघायचे, एवढंच करायला हवं होतं. डावा उजव्यावर, उजवा डाव्यावर. बाई डावीकडे आली तर दोष डब्यात. तशीच उजवीकडे राहिली तर दोष कुठं, हे कुणीही सांगेल. त्यानं स्वतः रविवारच्या टोळक्यात कितीदा असं तपासून दिलं होतं. हात पुढे गेला, आणि त्यानं त्या हातानं हेडफोनची वायर गुंडाळली.

"डबाच सदोष आहे," तो मोठ्यानं म्हणाला. खोलीत कुणी नव्हतं.

शनिवारी डबा परत द्यायला निघाले. तिथंही आपल्यासारखाच चालक उजवीकडे, म्हणजे स्यू यिन त्याच्या डाव्या हाताला. ती वाटभर काहीतरी सांगत होती, आणि तो नेहमीसारखं 'हं' म्हणत होता. चुकीच्या जागी म्हणत होता, हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं.

"म्हाताऱ्या, तुझ्या गाडीला आग लागलीय," ती सहज आवाजात म्हणाली.

"हं," तो म्हणाला.

सिग्नलपाशी त्यानं डावीकडे वळायला गाडी घातली, आणि त्याच वेळी तिनं किंकाळी फोडून त्याचं मनगट धरलं. ब्रेक लागला. दारापासून हातभर अंतरावर एक मोटरसायकल तिरकी होऊन थांबली होती. मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर लहान पोर. चालवणारा हेल्मेटची काच वर करून ओरडत होता, "एवढा हॉर्न मारतोय! बहिरा आहेस का?"

त्यानं रागात उच्चारलेला शब्द, कुणीही उच्चारतं तसा. मोटरसायकलवाला निघूनही गेला. फूंगचे हात स्टिअरिंगवरून निघेनात.

"आरशात दिसली नाही," तो म्हणाला.

"हॉर्न ऐकू आला नाही?"

"आरशात…"

"फूंग वाई क्योंग." ती त्याला पूर्ण नावानं कधीच हाक मारत नसे. "आयुष्यभर लोकांना डावा आरसा, डावा खांदा शिकवलंस. त्या पोराचे पाय माझ्या दाराला लागले असते. हॉर्न ऐकू आला का, एवढंच सांग."

मागच्या गाड्या वाजू लागल्या. त्या त्याला ऐकू येत होत्या, पण सगळ्या उजवीकडून.

दुकानात डेस्मंडनं डबा तपासला. मीटर लावला, दोन्ही बाजू सारख्या. त्यानं आकडा दाखवला नाही, मीटर हळूच बाजूला ठेवला.

"डबा ठीक आहे, सिफू."

"मग हेडफोन."

डेस्मंड काही बोलायच्या आत स्यू यिननं हेडफोन उचलून आपल्या डोक्यावर चढवले. "लाव रे ती बाई. हिच्यापायी माझं घर उलटंपालटं झालं, बघू तरी कोण आहे." गाणं लागलं. ती भुवया चढवून ऐकू लागली. "ही? बरी गाते की. माझ्या नाकासमोर उभी आहे."

"नाकासमोर?" फूंगनं विचारलं.

"बरोब्बर नाकासमोर. मला ताप नाही ना, मी खोटं कशाला सांगू?"

तिनं हेडफोन काढले आणि त्याच्यासमोर धरले. उलटे. उजवी बाजू त्याच्या डावीकडे. तिला यातलं काही कळत नव्हतं. फक्त तसे हातात आले होते. डेस्मंडनं पाहिलं. पण ते सुलटे करायला त्यानं हात पुढे केला नाही.

फूंगनंही पाहिलं. परीक्षेच्या दिवशी पोरं गाडीत बसायची तसा तो खुर्चीत ताठ बसला. तो हेडफोन सुलटे करू शकला असता. त्यानं ते तसेच घेतले, तसेच घातले आणि डोळे मिटले.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली.

"सिफू?" डेस्मंड म्हणाला. "आली का डावीकडे?"

फूंगनं मान हलवली. नाही. मग डोळे न उघडता तो म्हणाला, "माझा कान गेलाय, डेस्मंड. डबा चांगला आहे. मीच…" स्यू यिननं त्याच्या डोक्यावरचे हेडफोन दोन्ही हातांनी काढले, टोपी काढावी तसे.

"चल," ती म्हणाली. "किल्ली इकडे. डेस्मंड चालवेल."

"तो कुंड्या पाडतो."

"पाडू दे."

दवाखान्यातल्या नर्सनं विचारलं, "अंकलना ताप वगैरे?"

"तीस वर्षं आहे," स्यू यिन म्हणाली. नर्स बघतच राहिली. मग स्यू यिनलाच हसू आवरेना, आणि हसता हसता ती रडायला लागली.

तपासणीची खोली लहान होती, जाड दाराची. काचेपलीकडे एक मुलगी. हेडफोन घालून आत बसायचं. आवाज आला की बटण दाबायचं. एवढं चोख शांत ठिकाण फूंगनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याच्या टोळक्यातल्या प्रत्येकानं असल्या खोलीसाठी जीव टाकला असता. उजव्या कानाला तो भराभर दाबत गेला. मग मुलगी काचेतून म्हणाली, "आता डावा." तो थांबला. शिट्टी होती. शिट्टीमागे काही आहे का? बोट बटणावर नुसतं टेकून राहिलं. मुलीचा हात पलीकडे यंत्रावर फिरताना दिसत होता, म्हणजे आवाज येत असणार. येतोय, आणि आपल्याला येत नाही. अंदाजानं दाबावं? एकदा दाबलंही. मुलीनं मान वर करून पाहिलं. त्या वेळी तिनं काही वाजवलंच नव्हतं.

डॉक्टर बाई तरुण होत्या. "असं एकदम झालं की त्याच दिवशी यायचं असतं, अंकल. केव्हापासून आहे?"

"परवापासून," फूंग म्हणाला.

"ज्या दिवशी यानं भांडी घासली त्या दिवसापासून," स्यू यिन म्हणाली. "दोन आठवडे होत आले."

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. गरज पडली तर कानात सुई. "परत येईल, थोडं येईल, किंवा नाही येणार. आत्ता मी काही सांगू शकत नाही."

थोडं आलं. जाड आवाज आले. दार लोटल्याचा, डेस्मंडच्या गाडीचा. बारीक आले नाहीत. शिट्टी राहिली. रविवारच्या टोळक्याला त्यानं फोन करून सांगितलं की आता मला पुढे बसवू नका. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही, फूंग घाबरून ओरडला, "ऐकू येतंय का?" तर तिकडून उत्तर आलं, "येतंय रे बाबा, रडू तर देशील!"

मग तो दुकानात गेला आणि बोट दाखवलं. पांढरा.

डेस्मंडनं चंदेरीकडे पाहिलं नाही. खोक्यात भरून दिला.

घरी उशी सोफ्यावर परत आली होती, पंखा चालू होता. फूंग खुर्चीत बसला. फोन स्यू यिनच्या हातात. "यातली कुठली रेघ?"

"ती खालची. डावी बाजू वाढव. हळू."

तिनं बोट सरकवलं. गाडी शिकवायला त्यानं तिला एकदाच घेतलं होतं, तेव्हा दोघं भांडून पायी घरी आले होते. आता तो तसाच म्हणत होता, "डावीकडे. आणखी. हळू, हळू… आणखी थोडी… थांब!"

बाई मधोमध, घरच्या कॅलेंडरच्या खाली येऊन उभी राहिली.

"आली?"

"आली."

तेव्हापासून रोज सकाळी, कॉफीच्या आधी, तेच गाणं. रेघेला कुणी हात लावायचा नाही. बाई परत हलली, तर कान आणखी गेला म्हणायचं. फूंग गुडघ्यांवर हात ठेवून बसतो. वाद्यं सुरू होतात, आणि बाई तोंड उघडेपर्यंतच्या तेवढ्या वेळात त्याच्या कपाळावर घाम येतो. स्यू यिन कपबशी न वाजवता दारात उभी असते. आता ती नेहमी त्याच्या उजव्या बाजूला उभी राहते.

"हलली का रे?" ती विचारते.

तो हात वर करतो. थांब.