विश्राम आणि तयार माणूस

आमच्या शेजाऱ्याचं नाव विश्राम ज्यांनी ठेवलं, त्यांची मला एकदा भेट घ्यायची आहे. ट्रुगानिना या उपनगरात आमच्या शेजारी राहायला आल्यापासून हा माणूस स्वस्थ बसलेला मी पाहिलेला नाही. दिवसभर वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्टवाल्यांवर देखरेख, संध्याकाळी मुलीला घेऊन मैदानावर, आणि उरलेल्या वेळात कुंपणापलीकडून मला फुटी, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल, समजावून सांगणं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण ऐकणारं दुसरं कुणी नसतं, म्हणून मी सापडते.

तो इथे विद्यार्थी म्हणून आला. पहिल्याच हिवाळ्यात कामावरच्या मित्रांनी त्याला मॅचला नेलं आणि तो एका क्लबचा मेंबर होऊन परतला. क्लब बहुतेक वेळा हरतो. हा गळ्यात क्लबचा मफलर गुंडाळून जातो, हरून येतो आणि मग माझ्याशी असा भांडतो, की जणू मीच गोल चुकवला.

भांडणाचा मुद्दा कायम एकच. दरवर्षी सगळे क्लब पाळीपाळीने नवी, अठरा वर्षांची मुलं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. क्लबच्या पाळीला म्हणतात पिक. ही पाळी दुसऱ्या क्लबला देऊन बदल्यात मुरलेला खेळाडू घेता येतो, तो ट्रेड. विश्रामचा क्लब पिक जपून ठेवतो आणि विश्रामचं रक्त उसळतं.

"वहिनी, नवखं पोर म्हणजे लॉटरी! पिक देऊन टाका, तयार माणूस आणा. मला या देशाने कच्चा घेतला, बघा, किती वर्षं पेट्रोल पंपावर गेली! आमचे शिरीषभाऊ बघा, स्किल्ड व्हिसा, हातात नोकरी. तयार माणूस!"

शिरीष म्हणजे माझे यजमान. त्यांना कुणी खेळाडूंच्या रांगेत बसवेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. दोन दिवस ते छाती काढून चालत होते.

यंदा मात्र विश्रामचं बोलणं त्याच्याच अंगाशी आलं. त्याच्या स्पृहाने बायकांच्या लीगच्या ड्राफ्टला नाव दिलं. पोरगी चांगली खेळते, हे मलासुद्धा कळतं. तिला खेळायचं होतं बाबाच्याच क्लबकडून. लहानपणापासून त्याच्या मांडीवर बसून तिने तेच रंग पाहिले होते.

त्या क्लबची निवड करणारी बाई, डेब, घरी येणार असं ठरलं. घरी येऊन मुलीला बघणार, आईवडिलांशी बोलणार, हे ऐकल्यावर विश्रामच्या बायकोने, चित्रलेखाने, जे करायचं तेच केलं. पोहे केले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, शेजारी लिंबाची फोड. मला धीर द्यायला बोलावून घेतलं. स्पृहा कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, इट्स अ फुटी क्लब!"

डेबने दोन बशा पोहे खाल्ले. मुलगी झोपते किती, गुडघा कधी दुखावला का, चिडते का, सगळं विचारलं. निघताना म्हणाली की आमचं शेवटचं पिक स्पृहासाठी धरून ठेवलंय, मध्ये काही बदललं नाही तर. मग हात हलवत म्हणाली, "कळवते."

चित्रलेखाने माझ्याकडे पाहिलं. पोहे खाऊन झाल्यावर आलेल्या 'कळवतो'चा अर्थ आम्हा दोघींना सांगायची गरज नव्हती.

ट्रेडच्या शेवटच्या दिवशी उत्तरेचा गरम वारा सुटला होता. विश्रामने आजारी असल्याचं कळवून सुट्टी घेतली होती आणि फोन हातात धरून तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. मी डबा परत न्यायला गेले आणि तिथेच अडकले. स्पृहा ओट्याला टेकून उभी होती. कुणी काही खात नव्हतं. मग फोन वाजला आणि विश्राम एकदम थांबला.

क्लबने शेवटचं पिक देऊन टाकलं होतं. बदल्यात एक उंच, अनुभवी खेळाडू आणली होती. जिच्यासारखी एक हवीच, म्हणून विश्राम तीन वर्षं माझं डोकं खात होता, नेमकी तशीच.

स्पृहा रडली नाही. तिने फक्त विचारलं, "ऑनेस्टली सांग, बाबा. तू असतास तर केला असतास हा ट्रेड?"

तिच्या पाठीमागून चित्रलेखा डोळे मोठे करून खुणावत होती, नाही म्हण. मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते. एवढं एक खोटं काय जड होतं?

विश्रामने फोन पालथा ठेवला. "केला असता," तो म्हणाला.

स्पृहाने कोपऱ्यातला चेंडू उचलला आणि ती मागच्या अंगणात गेली. थोड्याच वेळात आमच्या सामाईक कुंपणावर चेंडू आदळायला लागला.

"बाप आहेस की कोण आहेस?" चित्रलेखा फाडकन बोलली.

"आज खोटं बोललो, तर उद्या 'छान खेळतेस' म्हटल्यावर ती माझं का ऐकेल?" तो म्हणाला. मला त्याचा इतका राग आला होता की मी डबा तिथेच विसरून आले.

ड्राफ्टपर्यंत त्या घरात नवराबायकोचं बोलणं मीठ दे, किल्ली कुठे आहे, एवढंच होतं. इतर दोन-चार क्लबांनी स्पृहाला फोन केले होते, पण शब्द कुणीच दिला नव्हता. ती रोज धावायला जायची. कुंपणाच्या दोन फळ्या ढिल्या झाल्या.

ड्राफ्टच्या संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे बसलो. विश्रामच्या गळ्यात मफलर नव्हता. एकेक नाव पुकारलं जात होतं, कुठल्यातरी घरात आनंदाच्या किंकाळ्या उठत होत्या, आणि आमचा जीव टांगणीला लागला होता. त्याच्या क्लबने उरलेल्या पाळीला दुसऱ्याच मुलीचं नाव घेतलं. स्पृहा गुडघ्यांभोवती हात बांधून बसली होती. चित्रलेखाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पाळ्या संपत आल्या. सिडनीच्या एका क्लबची पाळी आली, नाव वाचणारी बाई कागदाकडे बघून अडखळली, आणि ती अडखळली तेव्हाच आम्हाला कळलं. अडखळण्यासारखं नाव तिथे एकच होतं.

"स्प्रू... हा," ती म्हणाली.

मी किती जोरात ओरडले ते शिरीषना विचारा. चित्रलेखा रडत रडत सरिताला, सिडनीत स्कोफिल्ड्सला राहणाऱ्या बहिणीला, फोन लावायला लागली: तुझी मागची खोली रिकामी कर. तेवढ्यात स्पृहाचा फोन वाजला. सिडनीची निवड करणारी बाई स्पीकरवर होती. अभिनंदन, सामान बांध, नाताळानंतर लगेच ये, असं सगळं भराभर सांगून ती हसत म्हणाली, या पिकच्या बदल्यात आम्हाला एक अनुभवी खेळाडू देऊ केली होती. आम्ही नाही म्हणालो. आम्हाला तूच हवी होतीस.

फोन ठेवून स्पृहा वळली. डोळे भरलेले, तोंडभर हसू. "बाबा, ऐकलंस? यांनी नाही केला ट्रेड! तू असतास तर?"

या वेळी चित्रलेखाने काही खुणावलं नाही.

विश्राम पहिल्यांदाच सोफ्यावर नीट टेकून बसला होता. "केला असता," तो म्हणाला. "तू घरी राहिली असतीस."