टिकल्यांचा पियानो

आमच्या ह्यांची सगळी हयात साखर कारखान्यात नटबोल्ट आवळण्यात गेली. रिटायर झाले नि जयसिंगपूरच्या नातीला शब्द देऊन बसले, "मे महिन्यात ये, तुझं बालवाडीतलं गाणं पियानोवर वाजवून दाखवतो." कुठनं तरी जुना, छोटा पियानो घेऊन आले. सा कुठला नि रे कुठला, काही ठाऊक न्हाय! मग माझ्या टिकल्यांची पाकिटं पळवली. बोट ठेवायच्या प्रत्येक पट्टीवर वेगळ्या रंगाची टिकली, आणि वहीत लिहायचं, लाल लाल, हिरवी हिरवी.

मी स्वयंपाकघरातनं ओरडायचे, "अवो, डोकं उठलं माझं! बंद करा की ते टिंगटिंग!" बिचारे तिसऱ्या ओळीपाशी थांबायचे. चौथी मी कधी ऐकलीच नाही. फेब्रुवारीत हे गेले, झोपेतच. वहीत तीनच ओळी होत्या.

बाराव्याला जाऊबाईनं आरशावर चिकटवलेल्या माझ्या टिकल्यासुद्धा खरवडून काढल्या. पियानोवर कापड होतं, म्हणून त्याच्या पट्ट्यांवरच्या तेवढ्या राहिल्या. पुढं एक दिवस मी ते कापड काढलं नि त्या टिकल्या माझ्याकडंच बघताहेत असं वाटलं. माझ्या तोंडापायी ह्यांचं गाणं अर्धं राहिलं, हे काही केल्या डोक्यातनं जाईना. म्हटलं, बाई गं, पोरीला दिलेला शब्द आता तूच पुरा कर.

रोज दुपारी वही उघडून बसायचे. भाकरी थापणारी माझी बोटं, एका पट्टीवर बोट ठेवलं तर दोन दाबल्या जायच्या. तिसऱ्या ओळीपाशी आलं की मागं कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं व्हायचं. दर वेळी वळून बघायचे. कोण असणार! चौथी ओळ मोबाईलवर ऐकून एकेक सूर हुडकला. त्यालाच महिना गेला.

मेमध्ये नात आली. तिला शेजारी बसवलं आणि न चुकता चारी ओळी वाजवल्या. टाळ्या वाजवील म्हणून बघतेय, तर म्हणते कशी, "आबांनी पण असंच वाजवलेलं, फोनवर."

"तीन ओळी, व्हय?"

"न्हाय, सगळं! तू मंडईला गेलीस की ते फोन करायचे. म्हणायचे, आज्जीला सांगू नको हं, तिचं डोकं उठतंय."

म्हणजे चौथी ओळ नुसती वहीत उतरवायची राहिली होती, गाणं अर्धं राहिलंच नव्हतं. माझ्याच घरात, माझ्या माघारी, पुरं वाजत होतं. मीच तेवढी नको होते. एवढी कशी गं मी खेकसत होते त्या माणसावर!

आता मंडईतनं आले की लगेच कुलूप काढत नाही. पिशवी खाली ठेवते आणि दाराला कान लावून उभी राहते. शेजारीण विचारते, "वैनी, किल्ली इसरली काय?"

"व्हय," म्हणते मी. किल्ली मुठीतच असते.