फरजानाच्या सीटखालचा खण

फरजानानं दांडी ओढून ड्रायव्हरची सीट पुढं रेटली. सीट चार बोटं सरकली आणि खट्कन अडली. तिनं परत रेटली, परत खट्. मग पाय रोवून तिनं असा जोर लावला की अख्खी गाडी हलली, पण सीट काही पुढं आली नाही. क्लचला पायाचा चवडा कसाबसा टेकत होता. तो खालपर्यंत दाबायचा तर सीटवरून घसरून खाली यावं लागे, आणि खाली आलं की रस्त्याऐवजी स्टिअरिंगच तोंडासमोर.

तिचं डोकं फिरलं. दुपारी पिंपळीला नवरीचा चुडा भरायचा होता आणि स्वतःच्याच गाडीत तिचा पाय पोचत नव्हता.

खण तिलाच हवा होता, हे खरं. अंथुर्ण्याची ही बांगड्यावाली गावोगावच्या लग्नघरी जायची. बांगड्यांचे डबे मागच्या सीटवर ठेवले की प्रत्येक गतिरोधकाला तिचा जीव वर-खाली व्हायचा. म्हणून सीटखाली पत्र्याची पेटी आणि तिच्यात मागच्या बाजूनं उघडणारा खण, असा बेत तिनं केला. तिच्या धंद्यात माप दोन-चार, दोन-सहा असं बोलतात. पण विकत आणलेल्या पेटीबरोबरचा मापाचा कागद मिलिमीटरमध्ये होता, म्हणून ती टेप घेऊन सीटखाली आडवी झाली. जागा एकशे दहा मिलिमीटर उंच, पेटी पंच्याण्णव. रुंदीही बसत होती. सगळं नीट बघून तिनं पेटी बसवून आणायला गाडीसकट नवऱ्याच्या हवाली केली, कारण त्याला काल बारामतीला अस्तराचं कापड आणायला जायचंच होतं.

नवरा राजमहंमद, धंद्यानं शिंपी. उंची सहा फुटाला दोन बोटं कमी. गाडीत बसला की आधी सीट पार मागं ढकलणार. बारामतीच्या फिटरनं सीट होती तिथंच ठेवली आणि खाली पेटी बोल्टनं आवळून टाकली. सीटच्या खाली पुढं एक आणि मागं एक अशा दोन आडव्या पट्ट्या होत्या, त्या सीटबरोबर सरकायच्या. आता सीट पुढं घेतली की मागची पट्टी पेटीच्या मागच्या कडेवर आदळत होती.

"आवं, हितं या जरा!" फरजाना ओरडली.

राजमहंमद दाढी करता करता बाहेर आला. त्यानं वाकून बघितलं, गालावरचा फेस पुसला आणि म्हणाला, "मग काय बिघडलं? मी चालवतो. तू शेजारी बस, आरामात."

हा 'आरामात' तिला मिरचीसारखा झोंबला. तिची सासू डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन उन्हातान्हात हिंडली. ती स्वतः कितीतरी वर्षं एसटीत उभी राहून, डबे छातीशी धरून, लोकांचे धक्के खात फिरली. बेचाळिसाव्या वर्षी जत्रेच्या मोकळ्या मैदानात ती गाडी शिकायला गेली, तेव्हा हाच माणूस कठड्यावर बसून हसला होता, "आधी पाय पोचतो का बघ." पाय पोचला. तेव्हापासून 'मला सोडता का' असं कुणाला विचारावं लागलं नव्हतं, की परत यायला उशीर झाला म्हणून कुणाचं वाकडं तोंड बघावं लागलं नव्हतं. आणि हे सगळं आज एका पत्र्याच्या पेटीनं सकाळी सकाळी काढून घेतलं होतं.

पण तिकडं नवरी खोळंबली असती. फरजाना दात-ओठ खात शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

राजमहंमदची गाडी चालवायची तऱ्हा अशी, की समोर काही येईपर्यंत वेग आणि आल्यावर ब्रेक. भवानीनगरच्या अलीकडं ऊस भरलेल्या ट्रॉल्या आडव्या आल्या, त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि खणात काहीतरी खळ्ळकन वाजलं. फरजानानं त्याच्याकडं जळजळीत बघितलं. एरवी त्या नजरेची त्याला धास्ती वाटायची, पण आज स्वारी शीळ घालत होती.

पिंपळीच्या लग्नघरी नवरीची आजी ठमाबाई दारातच उभी होती. "आज मालक घिऊन आलं व्हय?" ती म्हणाली. "बरं झालं बाई. बाईमाणसानं कशाला त्या गाडीच्या नादी लागायचं!"

फरजाना हसली. लग्नघरात हसावंच लागतं. तिनं नवरीचा, म्हणजे श्रेयाचा, हात हातात घेतला, बोटं आणि अंगठा जुळवून पंजा हळूच दाबला आणि न विचारता दोन-चारचा डबा उघडला. वरच्या थरातल्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे झाले होते. ठमाबाईचा चेहरा पडला.

"वाढल्या काय गं?"

"वाढल्या, आज्जी. खाली भरपूर हायेत, काळजी नगा करू."

बांगडी फुटली असं नवरीच्या कानावर घालायचं नसतं, वाढली म्हणायचं. उभ्या आयुष्यात फरजानाच्या तोंडून दुसरा शब्द गेला नव्हता. पण आज तो म्हणताना तिला स्वतःचीच चीड आली, कारण त्या काही आपसूक वाढल्या नव्हत्या. तिनं चुडा भरला, नवरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत येऊन बसली.

"आता सरळ बारामती," ती नवऱ्याला म्हणाली. "त्या फिटरकडं."

फिटर इंद्रजित दुकानाबाहेरच होता. फरजानानं तक्रार सांगितली, पण त्यानं उत्तर दिलं ते राजमहंमदकडं बघून. "दादा, पेटीत काय खोट हाय का? वायर वाचवली, कारपेट नीट कापलं. एक मिलिमीटर इकडचं तिकडं न्हाय."

"माझ्याशी बोला," फरजाना म्हणाली. "गाडी माझी, पेटी माझी. बसवताना इचारलं का, चालवतं कोण?"

"दादाच गाडी घिऊन आले, मला वाटलं..."

"वाटलं!" फरजानाचा आवाज चढला. "दिसाला किती बायकांचं हात धरते मी. हात धरल्याबिगर बांगडी काढत न्हाय. आईचं माप कधी लेकीला लावत न्हाय. तुमी माझ्या पायाकडं बघितलं बी न्हाय! म्हणून आज यांनी चालवली, आन् माझा डबा गेला. नवरीम्होरं वाढल्या म्हणाले मी. हितं सांगते, फुटल्या! न्हाय, फोडल्या!"

तो शब्द ऐकून राजमहंमद चपापला. "आगं, हळू..."

"आन् तुमी!" ती त्याच्याकडं वळली. "शिंपी ना तुमी? माझा ब्लाउज स्वतःच्या अंगाला टेप लावून बेतता काय?"

इंद्रजितला हसू फुटलं, ते त्यानं कसंबसं गिळलं. राजमहंमदला मात्र हसू आलं नाही.

बोल्ट निघाले. फरजाना सीटवर बसली, सीट पार पुढं घेतली, क्लच तळापर्यंत दाबला आणि पाय तसाच ठेवून म्हणाली, "आता घ्या माप."

इंद्रजितनं वाकून टेप लावला. "एकशे चाळीस मिलिमीटर पुढं घ्यावी लागंल. पर भाभी, मग पुढची पट्टी अडंल. सीट मागं जायची न्हाय, दादांचं गुडघं स्टिअरिंगला लागतील." जरा थांबून त्यानं सुचवलं, "मधोमध बसवू का? दोघांचंबी थोडं थोडं भागंल."

राजमहंमदनं आशेनं बायकोकडं बघितलं. तिलाही क्षणभर वाईट वाटलं, नाही असं नाही. मग तिला ते हसणं आठवलं, कठड्यावरचं.

"क्लच थोडा थोडा दाबून भागतंय का?" तिनं विचारलं.

इंद्रजितनं मुकाट्यानं ड्रिल उचललं. जुन्या भोकांना रबरी बुचं मारली आणि पेटी पुढं सरकवून आवळली.

परतीला गाडी फरजानानं चालवली. राग अजून उतरला नव्हता. गिअर ती जरा आदळूनच टाकत होती. भवानीनगर मागं पडलं, गतिरोधक येऊन गेले, खणातून चकार आवाज आला नाही. अंथुर्णं जवळ आल्यावर राजमहंमदनं घसा खाकरला.

"पर मला कधी गाडी लागली तर?"

"कुठं जायचं ते सांगा," फरजाना म्हणाली, "सोडते. शेजारी बसा, आरामात."